एक तासाचा फरक

पहाटे तीन वाजून सात मिनिटांनी
मेनाई ब्रिजच्या माझ्या खोलीत
लॅपटॉपनं आपणहून डोळे मिटले, उघडले.
मी झोपेत. मला कुणी विचारलं नाही.
म्हणजे मंगळवारी विचारलं असेल
कोपऱ्यातल्या बारक्या चौकटीतून,
आणि मी ‘नंतर’ म्हटलं असेल,
जसं सगळ्यांनाच म्हणते.

सकाळी काळ्या पडद्यावर एकच वाक्य:
काहीतरी फारच बिघडलं आहे.
काय, ते नाही. कुणामुळे, तेही नाही.
आमच्या तात्यांची पत्रं अशी असायची.
वाक्य वाचून होईतो मशीन बंद.

एरवी चालू करताना दोन नावं यायची
एकाखाली एक, आणि दहा सेकंद.
वरच्यात माझं भरती-ओहोटीचं गणित:
शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं
सामुद्रधुनीत कुठवर वाहत जातात, कुठे टेकतात.
चार रात्री चालू होतं ते.
खालच्यात पगाराची स्लिप, व्हिसाचे फॉर्म,
जिथे शिक्का लागतो ते सगळं.
दहा सेकंदांत मी किटलीचं बटण दाबून यायचे.
काही निवडलं नाही की वरचं सुरू.

डिस्कची वाटणी मीच केली होती,
साक्षीदार नाही, कागद नाही.
रात्रीतून खालच्यानं बांध कोरला म्हणावं
तर बांध जागच्या जागी.
त्यानं फक्त नियम बदलला:
हा दरवान जुना झाला, याचं ओळखपत्र रद्द.
मागच्या दारानं उठवलं तर
खालचा हसतमुख हजर.
म्हणतो, अभिनंदन, सगळं अद्ययावत आहे.

साताऱ्याहून शर्वाणी फोनवर म्हणाली,
‘तुझ्यासारखंच की गं, दोन-दोन.’
म्हटलं, नाही गं बाई, मशीन आहे ते.
माझ्यात कसला मेनू येतो?
दहा सेकंद तरी कोण देतं?

खालच्या मजल्यावरचे इद्वल आले.
होलिहेडच्या फेरीबोटीवर तीस वर्षं रेडिओ सांभाळलेला माणूस,
एका कानात यंत्र,
किल्ल्यांच्या जुडग्यात होडीची किल्ली आणि पेनड्राइव्ह.
चष्मा कपाळावर सारून निळ्या पडद्यात शिरले,
एक कुलूप काढलं,
दरवानाला आत घेतलं, नवा कागद हातात दिला,
आणि कुलूप पुन्हा लावलं.
मधे एकदाच बोलले: बिस्कीट आहे का?

गणित शनिवारपर्यंतचं सापडलं.
पुढच्या दोन रात्रींची पिल्लं गेली.

खिडकीखाली रस्त्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत
वर ‘अराफ’, खाली ‘स्लो’.
दोन्हींचा अर्थ हळू.
मागच्या वर्षी गॅसवाल्यांनी खणलं, बुजवलं,
आणि रंगवणारे फक्त खालचा शब्द रंगवून गेले.
इद्वलनी कौन्सिलला तीनदा फोन केला.
चौथ्यांदा स्वतः जाऊन बाकावर बसले,
डबा घेऊन.
आता वरचा शब्द खालच्यापेक्षा जरा जास्त पांढरा आहे.

जाताना मी म्हटलं, घड्याळ बघा,
खालच्यात गेले की तासभर चुकतं.
‘चुकत नाही,’ ते म्हणाले.
‘एकजण ग्रिनिचचं धरतो, दुसरा भिंतीवरचं.
मार्च ते ऑक्टोबर भांडतात,
हिवाळ्यात आपोआप पटतं त्यांचं.
एक ओळ लिहून मिटवता येईल. मिटवू?’

माझ्याकडचं भरतीचं कोष्टकही ग्रिनिचचंच.
उन्हाळाभर त्यात मी मनातल्या मनात एक मिळवते.
राहू द्या, म्हटलं.

सव्वाचारला ओहोटी. म्हणजे सव्वापाचला.
बूट चढवले, बादली घेतली,
आणि अर्ध्या जिन्यात शंका आली:
मिळवला होता का मी एक,
की कोष्टक आधीच मिळवलेलं होतं?
चिखलात पाय टाकल्यावर कळेल.